बोनाम्पाकच्या तीन खोल्या

मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वातेमालाच्या सरहद्दीलगत चियापास हे राज्य आहे, आणि त्याच्या पूर्वेला उसुमासिंता नदीच्या खोऱ्यात लाकांडोन नावाचे अरण्य. या अरण्यातल्या एका टेकडीच्या उतारावर एक छोटी दगडी इमारत उभी आहे. लांबी सुमारे १६ मीटर, रुंदी ४ मीटर, समोर तीन दारे आणि आत तीन खोल्या. एका खोलीतून दुसरीत जाता येत नाही. प्रत्येक दारातून बाहेर यायचे आणि पुढच्या दारातून आत शिरायचे. आत निम्म्याहून अधिक जागा दगडी ओट्यानेच व्यापलेली आहे, आणि त्या ओट्याच्या वर, चारही भिंतींवर व थेट निमुळत्या छतापर्यंत, माणसेच माणसे रंगवलेली आहेत: अडीचशेहून अधिक राजपुरुष, राण्या, वादक, नर्तक, योद्धे, कैदी, सेवक. या स्थळाचे आजचे नाव बोनाम्पाक. इसवी सन ७९० च्या सुमारास माया चित्रकारांनी हे काम केले, आणि प्राचीन अमेरिकेतले इतके मोठे व इतके तपशीलवार भित्तिचित्र फारच थोड्या ठिकाणी टिकले आहे. तिथे आज जाणारा माणूस जे चित्र पाहतो ते मात्र आठव्या शतकातल्या चित्रकाराचे एकट्याचे राहिलेले नाही. पावसाने, धुपाच्या धुराने, नकलकारांच्या कुंचल्याने, रॉकेलने आणि अवरक्त किरणांनी त्यावर आपापला हात फिरवला आहे. त्या सगळ्या हातांचा माग आपण काढू या.

चित्रे काढलेल्या भिंतींची परंपरा या प्रदेशात बोनाम्पाकच्या फार आधीपासूनची. गेरेरो राज्यातल्या ओश्तोतित्लानच्या कपारीत ओल्मेक काळातली चित्रे आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, म्हणजे बोनाम्पाकच्या हजाराहून अधिक वर्षे आधीची. माया प्रदेशातले सर्वांत महत्त्वाचे पूर्वज मात्र आपल्याला उशिरा भेटले. २००१ साली विल्यम सॅटर्नो हे पुरातत्त्वज्ञ ग्वातेमालाच्या पेतेन भागात सान बार्तोलो इथे लुटारूंनी खणलेल्या एका बोगद्यात सावलीसाठी शिरले, आणि त्यांच्या विजेरीच्या उजेडात मक्याच्या देवाची कथा रंगवलेली भिंत उजळली. ती भिंत इसवी सनापूर्वी १०० च्या आसपासची. तिच्यावरची रेषा इतकी सफाईदार आहे की तिच्याही मागे कित्येक पिढ्यांचा सराव असणार हे उघड दिसते. पुढे मेक्सिकोच्या मध्य पठारावर तेओतिवाकान या महानगरात घरोघरी भिंती रंगल्या, आणि पेतेनमधल्याच वाशाक्तुन इथे राजसभेचे एक चित्र रंगवले गेले. वाशाक्तुनची ती भिंत १९३७ साली सापडली. आन्तोनियो तेहेदा या ग्वातेमालन चित्रकाराने तिची नक्कल केली, आणि नंतर मूळ भिंत नष्ट झाली. आज ती नक्कल हेच त्या चित्राचे उरलेले आयुष्य. तेहेदा हे नाव लक्षात ठेवावे, कारण दहा वर्षांनी आपण त्यांना बोनाम्पाकच्या ओट्यावर बसलेले पाहणार आहोत.

बोनाम्पाकचे चित्रकार या परंपरेचे वारसदार, आणि त्यांची कामाची पद्धत आज बरीचशी कळली आहे. चुनखडी भाजून तिचा चुना करायचा, त्याचा गुळगुळीत गिलावा भिंतीवर चढवायचा, त्यावर पातळ लाल रंगाने आखणी करायची. मग पार्श्वभूमी, अंगे, वस्त्रे भरायची, आणि शेवटी काळ्या रेषेने आकृती बांधायची. त्या शेवटच्या काळ्या रेषेत या चित्रांचा प्राण आहे. ओठाची मुरड, हाताच्या बोटांची वळणे, पोट सुटलेल्या सरदाराच्या कमरपट्ट्यावर आलेली वळी हे सारे तिच्या एका फटकाऱ्यात उतरले आहे. लाल आणि पिवळा रंग लोहयुक्त मातीतून मिळत असे, काळा कोळशातून. निळ्याची गोष्ट निराळी. माया कारागीर निळीच्या झाडाची नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची पांढरी माती एकत्र तापवत. मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत नीळ अडकून बसे, आणि मग ऊन, पाऊस, अगदी आम्लदेखील तिचे काही बिघडवू शकत नसे. विसाव्या शतकातल्या रसायनतज्ज्ञांना या रंगाचे कोडे सोडवायला अनेक वर्षे लागली. १९६६ साली प्रयोगशाळेत तो पुन्हा तयार करता आला. बोनाम्पाकच्या दृश्यांमागे पसरलेला निळा आज हजाराहून अधिक पावसाळ्यांनंतरही फिका पडलेला नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी निळीच्या आणि मातीच्या या जोडीला आहे.

हे काम करवून घेणारा राजा याहाव चान मुवान. तो ७७६ साली गादीवर आला. बोनाम्पाक हे काही फार बलाढ्य राज्य नव्हते. सुमारे ३० किलोमीटरवर, उसुमासिंतेच्या काठी याश्चिलान हे त्याहून कितीतरी मोठे नगर होते, आणि बोनाम्पाकचा राजा त्याच्या छायेत वावरत असे. त्याची राणी याश्चिलानच्या राजघराण्यातली होती. तीन खोल्यांच्या तीन दारांवरच्या कोरीव पट्ट्या आजही जागेवर आहेत, आणि त्यांतून हे नाते वाचता येते. एकीवर याहाव चान मुवान ७८७ साली एका शत्रूला केसांना धरून खाली दाबत आहे. दुसरीवर याश्चिलानचा राजा तेच करत आहे, आणि दोन्ही प्रसंगांत अवघ्या काही दिवसांचे अंतर आहे. तिसरीवर आधीच्या पिढीतला वीर. आत शिरणाऱ्याने मान वर केली की आधी हा पराक्रम दिसायचा, मग रंगांचे जग. इमारतीपुढच्या चौकात उभा असलेला मोठा शिलास्तंभही याच राजाचा. तो जवळजवळ सहा मीटर उंच आहे. लहान राज्याच्या राजाने एवढा दगड उभा करावा, एवढ्या भिंती रंगवाव्यात, यात त्याची महत्त्वाकांक्षा जितकी दिसते तितकीच त्याच्या काळाची अस्वस्थताही दिसते, असे मला वाटते.

आता आपण खोल्यांत शिरू. पहिल्या खोलीत मायांच्या दीर्घगणना पद्धतीने कोरल्यासारखी लिहिलेली तारीख आहे. आपल्या कालगणनेत ती डिसेंबर ७९० मध्ये येते. वरच्या भागात लांब पांढरी वस्त्रे पांघरलेले सरदार एका रांगेत उभे आहेत, आणि त्यांच्यासमोर एक सेवक लहान मुलाला हातांवर उचलून दाखवत आहे. वारसाच्या ओळखीचा तो सोहळा असावा, असे अभ्यासक मानतात. त्याखाली राजा आणि त्याचे दोन साथीदार नृत्यासाठी सजत आहेत, पाठीवर केत्झाल पक्ष्याच्या हिरव्या पिसांचे प्रचंड पंखे बांधून घेत आहेत. सर्वांत खाली वाद्यवृंद चालला आहे. कुणी लांब लाकडी कर्णे फुंकत आहे, कुणी उभ्या ढोलावर थाप देत आहे, कुणी हातातल्या खुळखुळ्यांनी ताल धरला आहे, आणि काही जण कासवाच्या पाठीवर हरणाच्या शिंगाने आघात करत आहेत. त्यांच्यामध्ये मगरीचे आणि खेकड्याचे सोंग घेतलेली माणसे बसली आहेत. खुळखुळेवाल्यांचे हात लागोपाठच्या आकृत्यांत थोडे थोडे वर सरकतात, त्यामुळे भिंतीवरून नजर फिरवताना ताल डोळ्यांना जाणवतो. एखाद्या चित्रकाराने हे ठरवून केले असेल तर तो मोठा मनुष्य होता.

मधली खोली युद्धाची. तीन भिंतींवर एकच लढाई पसरली आहे. भाले आडवेतिडवे, शरीरे एकमेकांवर, कर्ण्यांचा कल्लोळ, आणि गर्दीच्या मध्यभागी जग्वारच्या कातड्याचा अंगरखा घातलेला राजा. चौथी भिंत, म्हणजे दाराची भिंत, लढाईनंतरची आहे. पायऱ्यापायऱ्यांवर कैदी बसवले आहेत. त्यांच्या बोटांतून रक्त ठिबकते आहे. एक जण स्वतःच्या बोटांकडे पाहत बसला आहे, एकाने मान वर करून राजाकडे दाद मागितली आहे. राजाच्या पायांशी एक नग्न कैदी तिरपा कोसळला आहे, त्याचा हात सैल पडला आहे, आणि त्याच्या खालच्या पायरीवर एक कापलेले शिर. शरीराचा भार, सैल पडलेले स्नायू, मृत्यूची शांतता एवढ्या थोड्या रेषांत इतक्या समर्थपणे काढलेली आकृती प्राचीन अमेरिकेत दुसरी नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. या खोलीच्या रचनेत एक योजना आहे. दारातून आत येणाऱ्याच्या समोर लढाई येते. पण आत ओट्यावर बसणाऱ्या मानकऱ्याचे तोंड दाराकडे असते, त्यामुळे त्याला कायम कैदीच दिसतात. वर छताजवळ तारकासमूह आहेत, त्यांत एक कासव, आणि माया ज्योतिषात ते मृगाच्या भागाशी जोडतात. या लढाईची नेमकी तारीख कोणती यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. तिसऱ्या खोलीत पायऱ्यांच्या वास्तूवर नर्तक नाचत आहेत, त्यांच्या कमरेला पंखांसारखे रुंद फलक आहेत. आणि एका बाजूच्या वरच्या भागात राजस्त्रिया एकत्र बसून जिभेतून दोरी ओढून रक्त देत आहेत.

या भिंतींवर बऱ्याच व्यक्तींच्या शेजारी नावासाठी चौकटी आखलेल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक कोऱ्या आहेत. नावे लिहायची राहिली. नवव्या शतकाच्या आरंभी उसुमासिंतेच्या खोऱ्यातली नगरे एकामागून एक ओस पडत गेली. याश्चिलान, पिएद्रास नेग्रास, आणि त्यांच्याबरोबर बोनाम्पाकही. ज्या मुलाला सरदारांपुढे उचलून धरले होते तो पुढे गादीवर आल्याची एकही नोंद नाही. काही आकृत्यांचे डोळे कुणीतरी मुद्दाम खरवडले. मग अरण्य आत आले. दरवर्षीचा पाऊस चुनखडीच्या छतातून झिरपू लागला, आणि भिंतीवर उतरताना आपल्याबरोबर विरघळलेला चुना आणू लागला. शतकानुशतके हा थर साचत गेला, आणि अखेर चित्रे एका दुधाळ पडद्याआड गेली. या पडद्याने रंग झाकले, पण हवेपासून, ओलीपासून आणि माणसांच्या हातांपासून त्यांना वाचवलेही. बोनाम्पाक आपल्यापर्यंत पोचले ते या झिरपणीमुळे.

या जंगलात राहणाऱ्या लाकांडोन माया लोकांना मात्र हे स्थळ ठाऊक होते. जुन्या देवळांमध्ये धूपपात्रे ठेवून कोपाल डिंकाचा धूप जाळणे हा त्यांच्या उपासनेचा भाग होता, याश्चिलानमध्ये आणि बोनाम्पाकमध्येही. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांनी दोन अमेरिकी तरुणांना इथे आणले. एक कार्लोस फ्रे, म्हणजे मूळचा चार्ल्स, लाकांडोन वस्तीत येऊन राहिलेला; दुसरा जॉन बोर्न. दोघांनी इमारतींच्या नोंदी केल्या, पण चित्रांच्या खोल्या त्यांच्या नजरेस आल्या नाहीत. तीन महिन्यांनी, मे महिन्यात, जाइल्स हीली हा छायाचित्रकार तिथे पोचला. युनायटेड फ्रूट कंपनीच्या पैशाने तो माया लोकांवर चित्रपट करत होता. लाकांडोन वाटाड्यांनी त्याला या इमारतीपर्यंत नेले, तो आत शिरला, आणि भिंतींवरच्या पडद्याआडून माणसे त्याच्याकडे पाहू लागली. सिल्व्हेनस मॉर्ली या ज्येष्ठ मायातज्ज्ञाने मग स्थळाचे नाव बोनाम्पाक ठेवले. रंगवलेल्या भिंती, असा त्याचा आशय. राजा याहाव चान मुवानने आपल्या नगराचे हे नाव कधीच ऐकले नसेल.

योगायोग असा की त्याच १९४६ साली मॉर्लीचे ‘द एन्शंट माया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मॉर्ली आणि इंग्लिश विद्वान एरिक थॉम्प्सन यांनी मायांचे जे चित्र उभे केले होते ते ताऱ्यांकडे पाहणाऱ्या, काळ मोजणाऱ्या, शांतताप्रिय पुरोहितांचे होते. मायांच्या शिलालेखांत राजांचा इतिहास नसून केवळ कालगणना आहे, असे त्यांचे मत होते. आणि इथे भिंतीवर तर रक्ताने माखलेल्या बोटांचे कैदी बसलेले होते. एवढा मोठा विरोध समोर असतानाही मत लगेच बदलले नाही. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९५५ साली बोनाम्पाकवर जो ग्रंथ काढला, त्यात थॉम्प्सन यांनी ही लढाई म्हणजे बळीसाठी माणसे धरून आणायची एक धाड, असे समजावले. या ग्रंथात ज्यांचा सहभाग होता त्या तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनीच पाच वर्षांनी ती समजूत मोडली. १९६० साली पिएद्रास नेग्रासच्या शिलालेखांवरच्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की दगडांवरच्या तारखा माणसांच्या जन्माच्या, राज्यारोहणाच्या आणि मृत्यूच्या आहेत. त्याआधी १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांनी मायालिपीत ध्वनिचिन्हे असल्याचे मांडले होते, आणि १९५८ मध्ये हाइनरिख बर्लिन यांनी नगरांची चिन्हे ओळखली होती. १९८० साली पीटर मॅथ्यूज यांनी बोनाम्पाकचा राजवंश मांडला. बोनाम्पाकच्या भिंतीने १९४६ साली जे रंगात सांगितले होते ते पटायला विद्वानांना एक पिढी लागली.

त्या पिढीच्या काळात चित्रे मात्र जगत आणि झिजत होती. १९४७ साली कार्नेगीची मोहीम आली. तिच्यात तेहेदा होते, आणि मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेतर्फे आगुस्तीन बियाग्रा. पुढच्या वर्षीही काम चालले. अंधुक उजेडात, दमट हवेत दोघांनी भिंतीचा इंचन्‌इंच उतरवून काढला. दुधाळ थरातून रेष दिसावी म्हणून भिंतीवर रॉकेल लावले जाई. तेल लागलेला कागद जसा पारदर्शक होतो तसा तो थर थोडा वेळ पारदर्शक होई, रंग उजळत, आणि रॉकेल वाळले की पुन्हा मावळत. पुढेही पाहुणे आणि छायाचित्रकार हेच करत राहिले. आज कुणी संवर्धक हे मान्य करणार नाही. पण त्या काळी दुसरा उपाय माहीत नव्हता, आणि तेहेदा व बियाग्रा यांच्या नकला नसत्या तर नंतर गळून पडलेले अनेक तुकडे आपण कायमचे गमावले असते. १९४९ साली मेक्सिकोच्या ललित कला संस्थेने कलावंतांची मोहीम पाठवली. लाकांहा नदीत होडी उलटली आणि त्यात कार्लोस फ्रे आणि तरुण खोदचित्रकार फ्रांको लासारो गोमेस बुडाले. त्या मोहिमेतला राऊल आंगियानो परतला, आणि १९५२ मध्ये त्याने पायातला काटा काढत बसलेल्या लाकांडोन स्त्रीचे जे चित्र रंगवले ते आज मेक्सिकोच्या आधुनिक कलेतले एक प्रसिद्ध चित्र आहे.

१९६४ साली मेक्सिको सिटीत चापुल्तेपेकच्या उद्यानात राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय उघडले. त्याच्या माया दालनालगतच्या बागेत बोनाम्पाकच्या इमारतीची पूर्णाकृती प्रतिकृती उभी राहिली, आणि तिच्या आतल्या भिंती रीना लासो यांनी रंगवल्या. त्या ग्वातेमालात जन्मलेल्या, दिएगो रिव्हेरा यांच्या साहाय्यक राहिलेल्या चित्रकर्त्री. विसाव्या शतकातल्या मेक्सिकन भित्तिचित्रांची तालीम घेतलेला हात आठव्या शतकातल्या भिंतीकडे असा वळला.

मूळ भिंतीकडे पुन्हा लक्ष गेले ते १९८० च्या दशकात. मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेतल्या संवर्धकांनी तो चुन्याचा थर हळूहळू, यंत्रापेक्षा हातावर भर देऊन काढला, आणि शतकानुशतके झाकलेले रंग वर आले. त्याच सुमारास, १९८६ साली, अमेरिकन कलेतिहासकार मेरी मिलर यांचा या चित्रांवरचा ग्रंथ आला. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी येल विद्यापीठातून नवा प्रकल्प उभा केला आणि अवरक्त छायाचित्रणाने भिंती पुन्हा वाचल्या. अवरक्त किरणांत कोळशाची काळी रेष उठून दिसते. पहिल्या खोलीत सिंहासनाजवळ ठेवलेल्या एका गाठोड्यावर अशीच लिहिलेली अक्षरे दिसली, आणि ती वाचता आली. त्यात कोकोच्या बियांचे पाच ‘पी’ होते. एक पी म्हणजे ८,०००. म्हणजे ४०,००० बिया. त्या काळी कोकोच्या बिया चलन म्हणूनही चालत. ज्या चित्राला आपण सोहळा समजत होतो त्यात खंडणीचा हिशेब लिहून ठेवलेला होता. पांढऱ्या वस्त्रातले सरदार नुसते पाहायला आले नव्हते, असे मग वाटू लागते. या प्रकल्पासाठी हेदर हर्स्ट आणि लेनर्ड अ‍ॅश्बी यांनी भिंतींची नवी पुनर्रचना रंगवली. पुढे सान बार्तोलोची चित्रे सापडल्यावर त्यांच्या नकलेचे कामही हर्स्ट यांच्याकडेच आले. वाशाक्तुनचे तेहेदा बोनाम्पाकला आले होते, आणि आता बोनाम्पाकच्या हर्स्ट सान बार्तोलोला गेल्या. नकलकारांची ही साखळी मूळ चित्रकारांच्या साखळीइतकीच मानाची आहे, असे मी मानतो.

दरम्यान आजूबाजूचे अरण्यही बदलले. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष लुइस एचेवेरिया यांच्या सरकारने ६,१४,३२१ हेक्टर जमीन ६६ लाकांडोन कुटुंबांच्या नावे केली. त्यामुळे शेजारच्या त्सेल्ताल आणि चोल मायांशी जमिनीचे जे तंटे सुरू झाले ते अजून पुरते मिटलेले नाहीत. १९९२ मध्ये बोनाम्पाक संरक्षित नैसर्गिक स्मारक झाले. एके काळी लहान विमानानेच किंवा दिवसेंदिवस पायी चालून इथे यावे लागे. नव्वदच्या दशकानंतर सरहद्दीलगतचा रस्ता झाला, आणि पालेंके शहराहून सुमारे १५० किलोमीटरचा प्रवास एका दिवसात होऊ लागला. शेवटच्या टप्प्यावर लाकांहा गावच्या लाकांडोन लोकांच्या गाड्या पाहुण्यांना घेऊन जातात. खोल्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात आणि फ्लॅश वापरू देत नाहीत. माणसाच्या श्वासातली आर्द्रताही त्या भिंतींना नको असते.

२०२३ पासून मात्र चियापासच्या सरहद्दीवर गुन्हेगारी टोळ्यांचा हिंसाचार वाढला आहे. याश्चिलानला जाणे तर बंदच पडले होते, आणि बोनाम्पाकच्या वाटेवरचा प्रवासही धोक्याचा झाला. म्हणून ज्यांना तिकडे जायचे असेल त्यांनी निघण्यापूर्वी मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेची ताजी सूचना पाहावी, आणि स्थानिक लाकांडोन वाटाड्याशिवाय पुढे जाऊ नये. पोचता आले तर मधल्या खोलीत लढाई पाहून लगेच बाहेर पडू नका. दाराकडे तोंड करून थोडा वेळ थांबा, म्हणजे ओट्यावरच्या मानकऱ्याला जे दिसत असे ते तुम्हालाही दिसेल. पोचणे जमले नाही, तर मेक्सिको सिटीत चापुल्तेपेकच्या संग्रहालयातली रीना लासो यांची प्रतिकृती नक्की पाहा, आणि त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.